प्रोलिफिक सुलभाताई

फ्रीगंजातल्या मराठी घरांत लग्न ठरलं की दोन ठिकाणी निरोप जातो. आधी हॉलवाल्याकडे, मग सुलभा पागनीसांकडे. पूर्वी हा क्रम उलटा होता. पण महाकालाच्या दर्शनाला सगळा देश लोटायला लागल्यापासून उज्जैनमध्ये हॉल मिळणं हे स्थळ मिळण्याइतकंच कठीण होऊन बसलंय, त्यामुळे सुलभाताईंनी हा दुसरा नंबर मोठ्या मनानं मान्य केला आहे.

सुलभाताई मंगलाष्टकं करतात. करतात म्हणजे रचतात, आणि घसा साथ देईल तोवर म्हणतातही. उज्जैनच काय, देवास, धार, रतलामपर्यंत त्यांची मंगलाष्टकं जाऊन पोचली आहेत. त्यांच्या या उरकाबद्दल लोक पाठीमागे खूप बोलतात आणि समोर थोडं कमी बोलतात. एका घरी तर म्हणे मुलीकडच्यांचा होकार यायच्या आत यांचं मंगलाष्टक तयार होतं. त्यात मुलीच्या आजीचं नाव इतकं सुरेख बसलं होतं, की ते ऐकून आजी विरघळल्या आणि म्हणाल्या, आता नाही कसं म्हणायचं. ते जोडपं सुखात आहे, म्हणून ही गोष्ट सांगायला हरकत नाही.

त्यांची कामाची रीत ठरलेली. लग्नघरची बाई आली की तिच्यापुढे मटाराची परात सरकवायची. दोघींनी सोलायला घ्यायचं. दोन्हीकडची नावं, आजोळ, कुलदैवत हे सगळं विचारून झालं, की सुलभाताई हातातली शेंग खाली ठेवून विचारायच्या, "आता मुलीबद्दल एखादी गोष्ट सांग. पत्रिकेत छापता येणार नाही अशी."

बाई मग काहीतरी सांगायची. मुलगी झोपेत बोलते, मुलीला कढी आवडत नाही, मुलगी दहावीला नापास झाली होती पण ते सासरी माहीत नाही. सुलभाताईंची बोटं गुडघ्यावर हलायला लागायची. गुरू, गुरू, गुरू, लघु. मंगलाष्टकांचं शार्दूलविक्रीडित वृत्त त्यांच्या गुडघ्यातच राहतं असं त्यांचा मुलगा शैलेंद्र म्हणतो, म्हणूनच गुडघा दुखतो. श्लोक झाला की एका कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून बाईच्या हातात. स्वतःकडे प्रत ठेवायची नाही. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "लग्नाचा कागद लग्नघरी. मी ठेवून काय करू, माझं झालंय लग्न."

हे सगळं सुरू झालं तारघरात. सुलभाताईंनी सगळी नोकरी तारघराच्या काउंटरवर केली. त्या काळी शुभेच्छांच्या तारांना नंबर असत. ठरलेली वाक्यं, प्रत्येकाला एक आकडा. लग्नाची तार करायला आलेला माणूस तक्त्यावरचा आकडा दाखवायचा, सुलभाताई तो फॉर्मवर टाकायच्या, आणि नागदा असो की नागपूर, नवरानवरीला तेच वाक्य मिळायचं. लग्नसराईत दिवसभर तेच आकडे टाकून टाकून त्यांना वाटायला लागलं, की एकेका मुलीला तिचं असं एक तरी वाक्य मिळायला हवं. दुसऱ्या कोणाला लागू पडणार नाही असं. मग त्यांनी चुलतबहिणीच्या लग्नात पहिलं मंगलाष्टक रचलं. तेव्हापासून थांबल्या नाहीत. तारघर बंद झालं, यजमान गेले, शैलेंद्र पुण्याला स्थायिक झाला. मार्गशीर्ष आला की घर भरायचं, मटाराची सालं ढिगानं पडायची. तेवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं.

तर यंदा स्नेहवर्धक मराठी मंडळानं ठरवलं, की संक्रांतीच्या तिळगूळ समारंभात सुलभाताईंचा सत्कार करायचा. मंडळाचे अध्यक्ष मधुकर सरमंडल, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. मानपत्र लिहिणं हा त्यांचा हक्काचा छंद. ते मसुदा घेऊन सकाळीच सुलभाताईंकडे आले आणि पोह्याची बशी हातात घेऊन वाचायला लागले. पहिल्याच परिच्छेदात सुलभाताईंना अडखळायला झालं.

"सर, हे काय म्हणालात? प्रो काय?"

"प्रोलिफिक."

"मानपत्र मराठीत आहे ना?"

"आहे. पण मराठी शब्द जमेना," मधुकरराव म्हणाले. "विपुल म्हणावं तर टावर चौकातल्या साडीवाल्याच्या मुलाचं नाव. बहुप्रसवा असा एक संस्कृत शब्द आहे, पण तो लिहिला असता तर तुम्ही मला दारात उभं केलं नसतं."

"नसतंच केलं. अर्थ सांगा."

"भरपूर निर्मिती करणारी. सतत, न थकता. लेखकाला लावतात, चित्रकाराला लावतात. खोऱ्यानं धावा काढणाऱ्या फलंदाजाला लावतात. फळांनी लगडणाऱ्या झाडालाही लावतात."

सुलभाताई खूष झाल्या. लगडलेलं झाड त्यांना आवडलं. त्यांनी मधुकररावांच्या बशीत आणखी शेव घातली आणि विचारलं, "म्हणजे चांगलं लिहिणारी असंच ना?"

मधुकररावांनी घास थांबवला. चाळीस वर्षांची मास्तरकी, चुकीचा अर्थ सोडून देववेना. "नाही. तसं नाही. हा शब्द फक्त किती ते सांगतो. कसं ते सांगत नाही. माझ्या अंगणातला शेवगा प्रोलिफिक आहे. गल्लीभर शेंगा वाटतो आम्ही. शेंगा गोड आहेत असं मी म्हटलेलं नाही."

"कडू आहेत," सुलभाताई म्हणाल्या. "गेल्या वर्षी आमटी फेकावी लागली."

"तेच तर. कसं ते सांगायचं असेल तर पुढे दुसरा शब्द जोडावा लागतो."

"हा शब्द डासांना लागतो का हो?"

मधुकररावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "लागतो."

"मग बसवलंत मला डासांच्या पंगतीला. आणि पुढचा शब्द? तो जोडलाय?"

मधुकररावांनी कागदाकडे पाहिलं, मग पोह्यांकडे. जोडलेला नव्हता. ते म्हणाले, "तुमची इतकी मंगलाष्टकं ऐकली सुलभाताई. पण खरं सांगू? एक ओळ म्हणून दाखवा म्हटलं तर मला येणार नाही. मंगलाष्टकं ऐकायला कोण जातं. सगळे मुठीत अक्षता धरून शेवटच्या सावधानची वाट पाहत असतात."

हे त्यांनी सहज म्हटलं, आणि पोहे संपवून गेले. सुलभाताई मात्र परात पुढ्यात घेऊन नुसत्याच बसून राहिल्या. त्यांनी स्वतःची एखादी ओळ आठवून पाहिली. शेवटचं 'कुर्यात् सदा मंगलम्' आठवलं, ते तर सगळ्यांचंच. बाकी काही येईना. नावं आली, कुलदैवतं आली, पण ओळ म्हणून एक उभी राहीना. फॉर्मवर नंबर टाकणारी सुलभा पागनीस आणि ही सुलभा पागनीस यांत फरक काय, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात नंदा मुंगी आली. नंदा म्हणजे यांच्याच मागच्या गल्लीतली. तिच्या अपूर्वाचं लग्न ठरलं होतं. सुलभाताईंनी परात सरकवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"गोष्ट काय सांगू मावशी," नंदा म्हणाली. "गुणी आहे. शांत आहे. सगळ्यांचं करते."

हे धादांत खोटं होतं. अपूर्वा लहानपणी पाहुण्यांच्या चपला नालीत टाकायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण नंदा काही सांगेना, आणि सुलभाताईंनी या खेपेला गुडघ्यावर बोटं फिरवलीच नाहीत. "दोन दिवसांनी ये," म्हणाल्या. दोन दिवसांनी नंदा आली, तर पुन्हा थांब म्हणाल्या. नंदानं घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "मावशींची तब्येत बरी दिसत नाही, बहुतेक इंदूरला दाखवावं लागेल."

तब्येत बरी होती. सुलभाताईंना फक्त एकच श्लोक असा करायचा होता, की ज्याच्यासाठी मधुकरराव तो पुढचा शब्द जोडतील. चार शब्द जुळले की त्या ते मोडून टाकत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी लिहिलेला कागद फाडला.

मग एका संध्याकाळी त्या भजनाला गेल्या. बाहेर चपलांचा हा ढीग. आपल्या चपला काढून, वाकून त्यांनी सरळ ठेवल्या, आणि तिथेच खांबाला टेकून उभ्या राहिल्या. ओळ आली. जुळवावी लागली नाही, मोजावी लागली नाही. जसं काही कुणी आतून म्हणत होतं:

ज्या दारी फिरवी सदा चिमुकली जोडे घराच्याकडे,
त्या दारी जननी उभी गहिवरे, पाऊल मागे अडे…

पाहुण्यांनी जाऊ नये म्हणून त्यांचे जोडे घराकडे वळवून ठेवणारी एक चिमुरडी त्यांना स्पष्ट दिसली. कुठून दिसली, ते त्यांनी विचारलं नाही. देणगी आली की तिला गाव विचारत नाहीत. पुढच्या दोन ओळी अपूर्वाचं नाव घालून त्यांनी घरी येऊन नेहमीच्या सवयीनं पुऱ्या केल्या. त्या तेवढ्या जमल्या नाहीत. पण पहिल्या दोन मात्र आपण आजवर केलेल्या सगळ्यांत चांगल्या आहेत, हे त्यांना पक्कं कळलं. आणि ते खरंही होतं.

लग्नात त्यांनी स्वतः म्हटलं. अंतरपाट धरलेला, अपूर्वा पाटावर, नवरामुलगा मुंडावळ्यांतून डोकावतोय. सुलभाताईंची सवय अशी, की म्हणताना नवरानवरीकडे बघायचंच नाही, मांडवाकडे बघायचं. जोडे घराकडे वळले, तशी पहिल्या रांगेतली बोलणी थांबली. नंदाच्या डोळ्यांना धार लागली. नालीत गेलेल्या सगळ्या चपला त्या क्षणी ती विसरली. कोणीतरी मोबाइल वर धरला. सावधान झालं, वाजंत्री वाजली, अक्षतांचा पाऊस पडला.

एक हात मात्र उठला नाही. तिसऱ्या रांगेत नंदाच्याच गल्लीतली रजनी दिघे उभी होती, उजवी मूठ छातीशी घट्ट मिटून. अक्षता तिच्या मुठीतच होत्या. सुलभाताईंची आणि तिची नजर मिळाली. रजनीनं नजर खाली घातली, वाट काढत मांडवाबाहेर गेली, आणि पंगतीला दिसलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती ओळ गावभर. व्हिडिओ या ग्रुपवरून त्या ग्रुपवर. इंदूरच्या कोणी विचारलं, ही बाई कोण. मधुकररावांचा फोन आला, आवाजात कॉलेज सुटलेल्या पोराचा आनंद. "सुलभाताई, मिळाला बरं का पुढचा शब्द. त्या दोन ओळी मी मानपत्रावर सगळ्यात वर छापायला दिल्यात. चौकट टाकून."

सुलभाताईंना आनंद झाला, पण पुरता झाला नाही. ती मिटलेली मूठ मध्येच यायची. त्यात नंदा येऊन फणकारून गेली. "रजनीवहिनी न जेवता गेल्या. अपूर्वाला लहानपणी अश्लेषानं वेण्या घालून दिल्या, घरचं माणूस म्हणून पुढे बसवणार होते मी त्यांना. माझ्या मुलीच्या लग्नात असं करायचं?"

अश्लेषा म्हणजे रजनीची मुलगी, एकुलती एक. लग्न होऊन भोपाळला गेली होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. रजनीला शेवटचं बघायलाही मिळालं नाही. सुलभाताईंना वाटलं, लग्न बघून बाईला सहन झालं नसेल. होतं असं. चार समजुतीचे शब्द बोलावेत म्हणून डब्यात बुंदीचे लाडू घालून त्या निघाल्या. चौकात ई-रिक्षावाल्यानं विचारलं, "माताजी, महाकाल?" त्या म्हणाल्या, "नाही रे भैया, इथेच, मागच्या गल्लीत. गुडघा दुखतोय." तो यांना न घेता पुढे गेला. पायीच गेल्या.

रजनीनं दार उघडलं. या म्हणाली, पाणी दिलं. डबा घेतला नाही.

"त्या दिवशी जेवली नाहीस," सुलभाताई म्हणाल्या. "मी समजू शकते गं. मुलीची आठवण…"

"मुलीची आठवण रोज येते, सुलभाताई. ती लग्नात जाऊन येत नाही." रजनी पलीकडच्या खुर्चीत बसली. "तुम्ही मला एवढं सांगा. अश्लेषाचं मंगलाष्टक तुम्ही मुद्दाम दिलंत का त्यांना? की वाटलं, मुलगी तर गेली, आता कोण विचारतंय?"

सुलभाताईंना काहीच समजेना. 

"आमच्याकडे पाहुणे आले," रजनी सावकाश बोलायला लागली, "की हे त्यांच्या चपला रस्त्याकडे तोंड करून नीट मांडायचे. जाताना त्यांना बरं पडावं म्हणून. आणि ही मागून जाऊन एकेक चप्पल घराकडे वळवायची. म्हणजे ते जाणार नाहीत. हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुमच्याच घरी, मटार सोलताना. तुम्ही शेंग खाली ठेवलीत आणि म्हणालात, थांब. लगेच म्हणून दाखवलंत. चारही ओळी पाठ आहेत मला."

"मी?"

"तुम्हाला आठवत नाही?"

खोटं बोलता आलं असतं. हो गं, आठवतंय, चूक झाली, असं म्हणून पाया पडता आलं असतं, ते सोपं होतं. सुलभाताईंनी आठवण्याचा खूप प्रयत्न केला. परात आठवली, रजनीची तेव्हाची निळी साडीसुद्धा आठवल्यासारखी वाटली. ओळ आठवली नाही. भजनाच्या दारात आली, ती पहिल्यांदाच आली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, नवीन आहे."

 रजनीच्या देवांपुढे एक लहान वाटी होती, तिच्यात कुंकवानं माखलेले तांदूळ. सुलभाताईंची नजर तिकडे गेलेली पाहून ती म्हणाली, "त्या दिवशीच्या. मुठीतच राहिल्या. अपूर्वावर टाकायच्या होत्या, माझीच पोर ती. पण तुम्ही म्हणायला लागलात, आणि हात उठेना. टाकूनही देता येत नाहीत. तशाच आहेत."

"रजनी, ते मधुकरराव मला प्रोलिफिक म्हणतात."

"म्हणजे काय?"

"पुष्कळ करणारी."

"आणि करून विसरणारी?"

"ते त्या शब्दात नाही," सुलभाताई म्हणाल्या. "ते माझं."

रजनी उठली, आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सुलभाताईंनी डबा उचलला आणि दार हलकेच ओढून घेतलं.

घरी न जाता त्या तशाच मधुकररावांकडे गेल्या. मधुकरराव शेवग्याखाली बसून मानपत्राचं छापून आलेलं काम न्याहाळत होते. सुंदर छपाई, कडेनं भेरूगढच्या कापडावरच्या छाप्यासारखी वेलबुट्टी, वर चौकटीत त्या दोन ओळी. सुलभाताईंनी सगळं सांगितलं. मधुकररावांनी चष्मा काढून पुसला.

"हे पहा, स्वतःचीच ओळ पुन्हा वापरली. याला चोरी म्हणत नाहीत. भले भले करतात. आणि एवढं विपुल लिहिणाऱ्याकडून तर होणारच. कोणाला कळतंय?"

"रजनीला कळतंय."

"एक बाई."

"सर, तुम्हीच म्हणालात ना, एक ओळ कोणाला येत नाही म्हणून. तिला चार येतात. एवढ्या लोकांना दिलं, एकीनं ठेवलं, आणि मी तेच तिच्याकडून उचलून दुसरीला दिलं. माझी वस्तू नव्हती ती. देऊन झाली होती."

"अहो, आता छापून झालं. आणि तुम्ही तिथे काही बोललात तर नंदाला काय वाटेल? मुलीला जुनं दिलं म्हणेल. पुढच्या सीझनला कोण येईल तुमच्याकडे?"

सुलभाताईंच्या मनात तेच होतं. त्यांनी शेवग्याकडे पाहिलं. झाड खालपासून वरपर्यंत लगडलं होतं, नेहमीसारखं. "नाही येणार," त्या म्हणाल्या. "शैलेंद्र पुण्याला ये म्हणतोच आहे." आणि त्या लगेच उठल्या.

जाताना पुन्हा रजनीच्या दारावरून गेल्या. आत गेल्या नाहीत. खिडकीतूनच म्हणाल्या, "संक्रांतीला मंडळात ये. ओळ परत करायची आहे." 

संक्रांतीला मंडळाचं सभागृह भरलं होतं. गच्चीवर पोरांचे पतंग, खाली काळ्या साड्या आणि तिळगुळाची ताटं. अपूर्वा पहिल्या संक्रांतीसाठी माहेरी आलेली, हलव्याच्या दागिन्यांनी मढलेली. डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, हलली की किणकिण वाजायचं. नंदा तिच्याकडे कौतुकानं बघत होती आणि दुसऱ्यांनाही बघायला लावत होती. रजनी दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत येऊन बसली, हे सुलभाताईंनी व्यासपीठावरून पाहिलं. तिच्या मांडीवर पर्स होती, दोन्ही हातांनी धरलेली.

मधुकरराव मानपत्र वाचायला उठले, तशा सुलभाताई म्हणाल्या, "आधी मी बोलते, सर."

माईक त्यांच्या खुर्चीपुढे आणला गेला. तारघरातल्या बाईला थोडक्यात बोलायची सवय. त्या म्हणाल्या, "मानपत्रावर ज्या दोन ओळी छापल्यात, त्या अपूर्वाच्या लग्नात तुम्ही ऐकल्या. त्या अपूर्वाच्या नाहीत. त्या मी अश्लेषा दिघेच्या लग्नाला केल्या होत्या, आणि विसरले. विसरले म्हणून नंदाला नव्या म्हणून दिल्या. नंदा, तुझ्या मुलीला मी तिचं काही दिलं नाही. ते देणं लागते."

नंदाचा चेहरा उतरला. तिच्या शेजारच्या बाईनं पलीकडच्या बाईकडे पाहिलं, तिनं तिच्यापलीकडच्या बाईकडे. उद्याची बातमी तिथेच तयार झाली.

"आता त्या ओळी अश्लेषाच्या नावानं एकदा म्हणते," सुलभाताई म्हणाल्या, आणि त्यांनी सूर लावला. ज्या दारी फिरवी सदा चिमुकली.  अक्षता नसल्यामुळे की काय, या खेपेला सगळे ऐकत होते. दुसरी ओळ संपली आणि त्या थांबल्या.

"पुढच्या दोन मला येत नाहीत. घरी बसून नव्या केल्या असत्या, मला वेळ लागत नाही. पण त्या तिच्या झाल्या नसत्या. त्या फक्त रजनीला येतात."

 गच्चीवरून पोरांचा गलका आला आणि विरला. शेवटच्या खुर्चीतून रजनी उभी राहिली. तिनं सूर लावला नाही, नुसतं म्हटलं, रोज म्हणणाऱ्या माणसासारखं, कुठेही न अडता:

अश्लेषे, उजळी घरे उभयही, लावून माया-दिवे,
माहेरी सय ही तुझी दरवळो, कुर्यात् सदा मंगलम्…

सुलभाताईंनी त्या ओळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या ऐकल्या. माहेरी सय दरवळो, हे त्यांनीच कधीतरी मटार सोलता सोलता, एका जिवंत मुलीला उद्देशून म्हटलं होतं. त्यांनी माईकचा दांडा धरला.

रजनी खाली बसली नाही. मधल्या वाटेनं पुढे आली. पर्स उघडून तिनं एक कागदाची पुडी काढली आणि अपूर्वापुढे उभी राहिली. अपूर्वा गडबडून उठायला लागली, मुकुट हलला, तशी रजनीनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसतं केलं.

"त्या दिवशीच्या राहिल्या होत्या गं," ती म्हणाली, आणि तांदूळ तिच्या डोक्यावर सोडले. थोडे केसांत राहिले, थोडे हलव्याच्या पांढऱ्या हारात अडकले, लालसर. अपूर्वानं तिचा हात धरून गालाला लावला. "ताई माझ्या वेण्या फार घट्ट घालायची काकू," ती म्हणाली. "दिवसभर डोकं दुखायचं."

सुलभाताईंची बोटं गुडघ्यावर एकदा हलली. त्यांनी ती दुसऱ्या हातानं धरून थांबवली. नंदा खाली मान घालून बसली होती. ती आजही सुलभाताईंशी मोजकंच बोलते. त्या दिवशी मात्र तिनं वाकून जमिनीवर पडलेल्या अक्षता एकेक करून वेचल्या आणि पदरात घेतल्या.

मग मधुकरराव मानपत्र घेऊन उभे राहिले, कारण कार्यक्रम तर पुरा करायलाच हवा. चौकटीतल्या ओळी त्यांनी वाचल्या नाहीत. खालचा मजकूर वाचायला लागले, आणि त्या शब्दापाशी येऊन थांबले. चष्म्यावरून त्यांनी सुलभाताईंकडे पाहिलं. गाळू का, असं ते डोळ्यांनीच विचारत होते.

"वाचा, सर," सुलभाताई हळूच म्हणाल्या. "तो शब्द बरोबर आहे."